विलायती सिनेमातली ‘बा’

31 जुलै 1921 रोजी परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात परदेशी कापडाची होळी पेटली. गिरणीचे मालक उमर सोबानी स्वतःच असहकाराच्या चळवळीत उतरलेले, त्यामुळे जागेचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळकांची पहिली पुण्यतिथी होती. ढीग रचला गेला, गांधीजींनी काडी लावली. परळ-भोईवाड्यातून ही जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

कस्तुरबांचा या भागाशी संबंध आला तो एकवीस वर्षांनी. 8 ऑगस्ट 1942 च्या रात्री ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि 9 तारखेच्या पहाटे गांधीजींना बिर्ला हाउसमधून उचललं. त्या संध्याकाळी दादरच्या शिवाजी पार्कवर त्यांची सभा ठरलेली होती. आता सभेत कोण बोलणार, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा मी बोलेन असं कस्तुरबांनी सांगितलं. वय त्र्याहत्तर, प्रकृती तोळामासा. सभेत पोचण्याआधीच त्यांना सुशीला नय्यर यांच्यासह अटक झाली. आधी आर्थर रोड तुरुंग, मग पुण्याचा आगाखान पॅलेस. तिथून त्या परत आल्या नाहीत. 22 फेब्रुवारी 1944 रोजी, महाशिवरात्रीला, त्यांनी तिथंच प्राण सोडला.

या दोन्ही घटना जगभरच्या प्रेक्षकांनी पुढं पडद्यावर पाहिल्या, रिचर्ड ॲटनबरो यांच्या 1982 च्या ‘गांधी’ चित्रपटात. शिवाजी पार्कच्या सभेला निघालेली कस्तुरबा ज्या नटीनं साकारली, ती त्याच दादरमध्ये एका शाळेच्या सभागृहात होणाऱ्या प्रायोगिक नाटकांतून पुढं आलेली होती. तिशीच्या आतली, पुण्यात वाढलेली, माहेरची ओक. या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना ब्रिटिश चित्रपट अकादमीचा, म्हणजे बाफ्टाचा, सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ‘गांधी’ म्हटलं की बेन किंग्जले आठवतो आणि ते रास्तच आहे. पण आपल्या दृष्टीनं या चित्रपटाचा इतिहास दुसऱ्या फळीत आहे. गोखले, कस्तुरबा, मोतीलालजींच्या पत्नी, चंपारणचा शेतकरी, नथुरामचे साथीदार, या सगळ्या चरित्र भूमिकांमध्ये. त्यातल्या बऱ्याच भूमिका मुंबई-पुण्याच्या रंगभूमीनं भरल्या. त्या कशा भरल्या गेल्या आणि पुढं काय झालं, हे नीट सांगायला हवं, कारण पुरस्काराच्या बातमीपलीकडे ते फारसं कुणी सांगत नाही.

सुरुवात लंडनमध्ये झाली. 1962 साली मोतीलाल कोठारी नावाच्या, लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या एका भारतीय माणसानं ॲटनबरो यांना फोन केला. गांधीजींवर चित्रपट व्हावा, ही त्याची तळमळ. त्यानं लुई फिशर यांनी लिहिलेलं गांधीचरित्र वाचायला दिलं. ॲटनबरो तोवर दिग्दर्शक नव्हतेच. ते नट होते, आणि नायकापेक्षा विचित्र, कोपऱ्यातल्या माणसांच्या भूमिकांत जास्त रमणारे नट. ‘ब्रायटन रॉक’मधला पोरगेलासा गुंड त्यांनी केला होता, 1952 साली लंडनला सुरू झालेल्या ‘माऊसट्रॅप’ नाटकाच्या पहिल्या संचात ते होते, आणि पुढं ‘टेन रिलिंग्टन प्लेस’मध्ये एक थंड डोक्याचा खुनी त्यांनी असा उभा केला, की पाहताना अंगावर काटा येतो. इंग्लंडमध्ये अशा नटांची मोठी परंपरा आहे. आधी रंगभूमीवर वर्षानुवर्षं कसून काम करायचं, मग सिनेमात न्यायाधीश, पाद्री, बटलर, कर्नल, जे मिळेल ते करायचं. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव पटकन आठवत नाही. त्याच मुशीतून आलेला माणूस गांधींचा चित्रपट काढायला निघाला, हे लक्षात ठेवलं तर पुढची पात्रनिवड समजते.

मधली वीस वर्षं थोडक्यात उरकतो. नेहरूंची भेट झाली, त्यांनी पाठिंबा दिला आणि 1964 साली ते गेले. 1970 मध्ये कोठारीही गेले. पैसे जमेनात, पटकथा बदलत राहिल्या, मध्ये आणीबाणी आली. दरम्यान ॲटनबरो यांना भारतीय सिनेमात आतून डोकावायची एक संधी मिळाली: सत्यजित राय यांच्या 1977 च्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये त्यांनी जनरल आउट्रामची भूमिका केली. म्हणजे भारतीय चित्रपटात युरोपीय चरित्र अभिनेता म्हणून आधी ते आले आणि आपले नट त्यांच्या चित्रपटात गेले ते नंतर. हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

अखेर जॉन ब्रायली यांची पटकथा पक्की झाली आणि पैशाची सोय लागली. सुमारे एक तृतीयांश भार भारत सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानं उचलला. यावरून इथं चांगलाच गदारोळ झाला. आमच्या दिग्दर्शकांना चार-पाच लाखांसाठी खेटे घालायला लागतात आणि परक्या माणसाला कोट्यवधी देता, असा सूर नामांकित चित्रपटकर्त्यांनी लावला. गांधींचं काम परक्यानं का करावं, असाही प्रश्न होता. त्यांचा पहिला मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. दुसऱ्यात तितका दम नाही, कारण स्वातंत्र्यानंतरच्या तेहतीस वर्षांत गांधीजींवर त्या तोलाचा कथापट काढायला इथलंही कुणी पुढं आलं नव्हतं.

आता रंगभूमीकडं वळू, कारण या गोष्टीचं खरं मूळ तिथं आहे.

परळला 1922 साली दामोदर हॉल उभा राहिला. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू. गिरणी कामगारांच्या नाटकांना तिथं हक्काचं व्यासपीठ मिळालं. पाळी संपवून तालमीला येणारी माणसं, कोकणातून आलेले दशावतारी आणि नमनाचे संस्कार, अण्णाभाऊ-अमरशेखांचे पोवाडे, या सगळ्यातून गिरणगावाला नाटकाचं वेड लागलं. ही एक बाजू. दुसरी बाजू मध्यमवर्गीय आणि पुस्तकी म्हणावी अशी. विजया मेहता, अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘रंगायन’नं साठच्या दशकात नव्या नाटकाचं बी पेरलं. ‘रंगायन’ फुटल्यावर देशपांडे दांपत्यानं ‘आविष्कार’ काढली आणि 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह प्रायोगिक नाटकांचं घर झालं. वर शाळा, खाली भाजीबाजाराचा कलकलाट, स्टेशन हाकेच्या अंतरावर. पंखे बंद करून, खिडक्या लावून, घाम पुसत लोक नाटकं बघत. तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर यांच्यासोबत लोर्का, ब्रेख्त, युरिपिडीस हीसुद्धा तिथली घरची नावं होती. युरोप छबिलदासमध्ये आधीच पोचला होता, भाषांतरांतून आणि रूपांतरांतून.

रोहिणी ओक पुण्याहून दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या, तेव्हा तिथं इब्राहिम अल्काझी यांचा दरारा होता. पायांच्या टाचेपासून आवाजाच्या पट्टीपर्यंत सगळ्याचा हिशेब मागणारा तो मास्तर. तिथं त्यांनी ग्रीक शोकांतिका केल्या, जपानी काबुकी शैलीतलं काम शिकल्या, यक्षगानाचाही अभ्यास केला. 1974 साली विद्यालयातून बाहेर पडल्या. सहाध्यायी जयदेव हट्टंगडी यांच्याशी पुढं लग्न झालं आणि दोघं मुंबईत नाटक करू लागले. लोर्काच्या ‘येर्मा’चं मराठी रूप ‘चांगुणा’ जयदेव यांनी बसवलं, त्यात मुलासाठी आसुसलेली बाई रोहिणीबाईंनी केली. युरिपिडीसची ‘मीडिया’ही त्यांनी साकारली. ज्यांनी ती कामं पाहिली ते अजून त्याबद्दल बोलतात. चित्रीकरण नाही, ध्वनिमुद्रण नाही, थोडी छायाचित्रं आणि परीक्षणं एवढाच पुरावा. सिनेमात त्या तोवर सईद मिर्झा यांच्या ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’सारख्या चित्रपटात दिसल्या होत्या, पण नाव झालेलं नव्हतं.

1980 साली ॲटनबरो पात्रनिवडीसाठी मुंबईत आले. इथल्या नटांची निवड डॉली ठाकोर पाहत होत्या. इंग्रजी रंगभूमीवर त्यांचा वावर होताच, शिवाय हिंदी-मराठीतल्या प्रायोगिक मंडळींचीही त्यांना चांगली माहिती होती. त्यामुळे शोध हिंदी सिनेमाच्या तारे-तारकांकडं न जाता नाट्यविद्यालय आणि समांतर सिनेमाकडं वळला. गांधींच्या भूमिकेसाठी नसिरुद्दीन शाह, आणि कस्तुरबांसाठी स्मिता पाटील, भक्ती बर्वे आणि रोहिणी हट्टंगडी, असे चौघं चाचणीसाठी लंडनला गेले. तिघी मराठी. स्मिता पाटील तेव्हा समांतर सिनेमाचा चेहरा होत्या. भक्ती बर्वे ‘ती फुलराणी’मुळे मराठी घराघरांत पोचलेल्या. प्रसिद्धीच्या मापानं रोहिणीबाई तिघींत मागं होत्या. नसिरुद्दीन यांनी आत्मचरित्रात या सगळ्या प्रकाराबद्दलची नाराजी लपवलेली नाही. किंग्जले आधीच ठरलेला होता, अशी त्यांची भावना झाली. त्यांच्या मनातला गांधी त्यांनी पुढं रंगमंचावर ‘महात्मा व्हर्सेस गांधी’त आणि पडद्यावर ‘हे राम’मध्ये केला.

बेन किंग्जले मूळचे कृष्णा भानजी, वडील गुजराती वंशाचे, पूर्व आफ्रिकेतून इंग्लंडात गेलेले. रॉयल शेक्सपिअर कंपनीत ते मुरले होते आणि सिनेमात जवळजवळ अनोळखी होते. चाचणीत त्यांच्यासमोर रोहिणी हट्टंगडी उभ्या राहिल्या आणि जोडी ठरली. दोघंही नाटकवाले. मला वाटतं, निवडीचं खरं कारण हेच असावं. ॲटनबरो यांना चाळीस-पन्नास वर्षांचा संसार दाखवायचा होता, तरुण वयापासून मृत्यूपर्यंत. सिनेमाच्या चित्रीकरणात आज शेवटचा प्रसंग, उद्या पहिला, असं चालतं. सकाळी पंचवीस वर्षांची बाई आणि दुपारी सत्तर वर्षांची, हे निव्वळ रंगभूषेनं होत नाही. पाठीचा कणा कुठं वाकतो, बसताना हात आधी टेकतो की गुडघा, हे ज्यानं अल्काझींच्या वर्गात घोटलंय त्यालाच ते जमतं.

चित्रीकरण 26 नोव्हेंबर 1980 रोजी सुरू झालं आणि 10 मे 1981 रोजी संपलं. 31 जानेवारी 1981 रोजी, गांधीजींच्या अंत्ययात्रेला बरोबर तेहतीस वर्षं झाली त्या दिवशी, दिल्लीच्या राजपथावर तीन लाखांच्या आसपास माणसांच्या गर्दीत अंत्ययात्रेचा प्रसंग घेतला गेला. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. इथं दुसरा, चार भिंतींतला प्रसंग पाहू.

‘सत्याचे प्रयोग’मध्ये गांधीजींनी डरबनच्या घरातली एक हकीकत लिहिली आहे. घरात राहणाऱ्या एका पाहुण्याचं मूत्रपात्र साफ करायला कस्तुरबा नाखूश होत्या. रागाच्या भरात गांधीजींनी त्यांना हात धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. नंतर त्यांची त्यांनाच लाज वाटली. पटकथेत हा प्रसंग आश्रमातल्या संडाससफाईशी जोडला आहे. पडद्यावर बघा: आधी कस्तुरबा नुसत्या रुसलेल्या आहेत, आवाज खालच्या पट्टीत, नजर बाजूला. नवरा दंडाला धरून ओढू लागतो तेव्हा त्यांचा राग जातो आणि चेहऱ्यावर लाज येते. स्वतःची नाही, त्याची. त्याच्या वागण्याची शरम बायकोला वाटते आहे, हे त्या चेहऱ्यावर दिसतं आणि मग किंग्जलेचा गांधी खचतो. तो प्रसंग किंग्जलेचा म्हणून गाजला, पण त्याचं वळण समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर घडतं. चरित्र अभिनेत्याचं काम याहून वेगळं काय असतं?

भाषेची अडचण मात्र मोठी होती. खऱ्या कस्तुरबांना इंग्रजी जेमतेम येत असे. नवरा-बायको घरात गुजराती बोलत. चित्रपटात ते एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. हा खोटेपणा पचवायचा कसा? रोहिणीबाईंनी शब्द सावकाश, एकेक करून ठेवत जायचं तंत्र वापरलं. काठेवाडी बाई मोजकं बोलते, असा त्याचा परिणाम होतो. पाहुण्यांना आपल्या लग्नाची सप्तपदी म्हणून दाखवण्याच्या प्रसंगात तर हेच अडखळतं इंग्रजी गोड वाटतं. तेवढ्या दोन-तीन मिनिटांत म्हाताऱ्या जोडप्याचा सगळा संसार उलगडतो.

आगाखान पॅलेसमधला मृत्यूचा प्रसंग पुण्यात त्याच वास्तूत घेतला. ज्या गावात आपण शाळेत गेलो, तिथंच परक्या दिग्दर्शकासाठी कस्तुरबा म्हणून प्राण सोडायचा. त्या प्रसंगात कस्तुरबांना करायचं असं काहीच नाही; पडून राहायचं आहे. डॉक्टर झालेत टॉम ऑल्टर.

याच चित्रपटात डॉ. श्रीराम लागू गोपाळ कृष्ण गोखले झाले. ‘नटसम्राट’, ‘सामना’, ‘सिंहासन’ यांच्यानंतर महाराष्ट्राला त्यांची ओळख करून द्यायची गरज नव्हती. परदेशी प्रेक्षकाला मात्र ते एका बागेत शांतपणे बोलणारे, खोकला दाबणारे वयस्क गृहस्थ म्हणूनच भेटले. देश बघ, मग बोल, हा गोखल्यांचा सल्ला ते देतात आणि चित्रपट कलाटणी घेतो. इतिहासात या दोघांना मिळालेला वेळ फार थोडा होता: गांधीजी 9 जानेवारी 1915 ला मुंबईत उतरले आणि 19 फेब्रुवारीला गोखले गेले. घशाचे डॉक्टर असलेल्या नटानं क्षीण होत चाललेला आवाज कसा अचूक लावला आहे, ते ऐकण्यासारखं आहे. सुनीला प्रधान मोतीलाल नेहरूंच्या पत्नी झाल्या. ‘घाशीराम कोतवाल’चा नाना करणारे मोहन आगाशे दक्षिण आफ्रिकेच्या भागात एका छोट्या भूमिकेत दिसतात, त्याच 1980 साली ते ‘घाशीराम’ घेऊन युरोपचा दौरा करून आले होते. आणि नाना पळशीकर. ‘दो बिघा जमीन’मधला म्हातारा बाप, ‘कानून’साठी फिल्मफेअर मिळवलेला नट. ‘गांधी’त त्यांना नावसुद्धा नाही, श्रेयनामावलीत ते फक्त ‘गावकरी’ आहेत. पण चंपारणच्या निळीची सगळी व्यथा त्या एका सुरकुतलेल्या चेहऱ्यावर वाचता येते. 1984 मध्ये ते गेले.

पडद्यामागची मराठी बाई होती भानू अथैया, कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातल्या, जे. जे. स्कूलच्या विद्यार्थिनी. ब्रिटिश वेशभूषाकार जॉन मोलो यांच्यासोबत त्यांनी काम केलं. कस्तुरबांच्या काठापदराच्या साडीपासून खादीच्या जाड्याभरड्या लुगड्यापर्यंतचा प्रवास हा अभिनयाइतकाच कापडाचाही आहे आणि तो त्यांनी आखला.

पण या चित्रपटात जे नाही, तेही परळच्या माणसाला ठसठशीत दिसतं. तीन तास अकरा मिनिटांच्या या कहाणीत डॉ. आंबेडकर नाहीत. पोयबावडीच्या बीआयटी चाळीत 1912 पासून बावीस वर्षं राहिलेले, 9 मार्च 1924 रोजी दामोदर हॉलमध्ये सभा घेऊन बहिष्कृत हितकारिणी सभेची मुहूर्तमेढ रोवणारे आंबेडकर. 1932 चा पुणे करारही नाही. ॲटनबरो यांना एका माणसाचं चरित्र सांगायचं होतं आणि त्याला खोडून काढणारा तितकाच मोठा माणूस कथेत घ्यायची त्यांची तयारी नव्हती, असंच म्हणावं लागतं. ती भरपाई जब्बार पटेल यांनी 2000 सालच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मध्ये केली. तिथं गांधीजी झाले मोहन गोखले आणि ते किंग्जलेच्या गांधींपेक्षा कितीतरी अधिक हट्टी, अधिक खरे वाटतात.

30 नोव्हेंबर 1982 रोजी दिल्लीत चित्रपटाचा पहिला खेळ झाला. तेव्हा गिरणगावात काय चाललं होतं? 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाला दहा महिने उलटले होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. लालबाग, परळ, भोईवाड्यातल्या घरांतून भांडी मोडीत निघत होती, माणसं गावी परतत होती. परदेशी कापड जाळून ज्यांच्या धंद्याला बळ दिलं त्या गिरण्या बंद आणि होळीचं दृश्य झगझगीत पडद्यावर. असा तो काळ होता.

मार्च 1983 मध्ये बाफ्टाचे पुरस्कार झाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता आणि आश्वासक नवोदित (हे शेवटचे दोन्ही किंग्जलेला) यांच्यासोबत सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार रोहिणी हट्टंगडी यांना, ‘रेड्स’मधल्या मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून. नेहरू झालेल्या रोशन सेठ यांना नामांकन होतं. 11 एप्रिलला ऑस्करमध्ये ‘गांधी’नं आठ बाहुल्या नेल्या. त्यातली एक भानू अथैयांची. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. 11 एप्रिल ही कस्तुरबांची जन्मतारीख मानली जाते, पण त्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये ते कुणाच्या ध्यानात असेल असं वाटत नाही.

आणि पुढं? इंग्लंडात तेव्हा ‘राज’च्या आठवणींची लाट आली होती. ‘हीट अँड डस्ट’, ‘द ज्युएल इन द क्राउन’, ‘अ पॅसेज टू इंडिया’, एकामागून एक. भारतीय चेहऱ्यांना मागणी होती. तिचा फायदा झाला तो इंग्लंडात राहणाऱ्या किंवा तिथल्या बोलण्यात सहज मिसळणाऱ्या नटांना: रोशन सेठ, सईद जाफरी. दक्षिण आफ्रिकेतल्या व्यापाऱ्याच्या छोट्या भूमिकेतून अमरीश पुरी ‘इंडियाना जोन्स’पर्यंत पोचले. कलकत्त्याच्या दंगलीच्या प्रसंगात थोडाच वेळ दिसलेल्या ओम पुरींना मात्र नव्वदीत ‘माय सन द फॅनॅटिक’ आणि ‘ईस्ट इज ईस्ट’मधून ब्रिटिश सिनेमात खरी कारकीर्द मिळाली. पुरुषांना निदान खलनायक, बाप, दुकानदार अशा जागा होत्या. भारतीय बाईसाठी त्या पटकथांमध्ये राणी होती, दासी होती, नाहीतर मुकी गर्दी होती. कस्तुरबांसारखी भूमिका लिहिली गेलीच नाही. बाफ्टा मिळालेली नटी मुंबईत परतली, कारण तिच्यासाठी काम मुंबईतच होतं.

इथंही पुरस्काराचं फळ विचित्र मिळालं. एकदा म्हातारी केली की हिंदी सिनेमा पुन्हा तरुण होऊ देत नाही. 1984 च्या ‘सारांश’मध्ये त्या पार्वती प्रधान झाल्या. शिवाजी पार्कचं घर, अमेरिकेत मारला गेलेला एकुलता मुलगा आणि अस्थींसाठी कस्टमच्या दारात उभा राहणारा मास्तर नवरा. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे अनुपम खेर आणि त्या, दोघं मिळून एक थकलेलं मराठी जोडपं असं काही उभं करतात की वयाचा विचार मनात येत नाही. माझ्या मते कस्तुरबांपेक्षा हे काम वरचं आहे, कारण इथं इतिहासाचा आधार नाही, नवससायास करणारी एक साधी बाई आहे. त्याच सुमाराला गोविंद निहलानींच्या ‘पार्टी’त, एलकुंचवारांच्या नाटकावरच्या चित्रपटात, दारूच्या आहारी गेलेली नटी त्यांनी केली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. ‘अर्थ’मधली मोलकरीणही त्यांचीच. 1990 च्या ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चनच्या आई होत्या, वयानं ते त्यांच्याहून बरेच मोठे. ‘चालबाज’मधली दुष्ट काकू, ‘मुन्नाभाई’ची आई, मग ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग. 2023 चा ‘बाईपण भारी देवा’ पाहायला बसगाड्या भरून बायका चित्रपटगृहात गेल्या, त्यातल्या सहा बहिणींत सर्वांत मोठी बहीण त्यांची.

ॲटनबरो यांच्या चित्रपटाचा एक परिणाम मात्र थेट छोट्या नटांपर्यंत पोचला. सरकारी महामंडळाला ‘गांधी’तून जो नफा झाला, त्यातून हलाखीत दिवस काढणाऱ्या चित्रपट कलावंतांसाठी एक कल्याण निधी उभा राहिला. श्रेयनामावलीत ‘गावकरी’, ‘हमाल’, ‘पोलिस दोन’ म्हणून आयुष्य काढलेल्या माणसांना म्हातारपणी त्यातून मदत मिळू लागली. सुरुवातीला या गुंतवणुकीवर जी टीका झाली, तिला हे उत्तर पुरेसं नाही, पण ते नोंदवायला हवं.

भानू अथैया यांनी 2012 मध्ये आपली ऑस्करची बाहुली अकादमीकडं परत पाठवली; इथं ती नीट जपली जाईल याची त्यांना खात्री वाटेना. 2020 मध्ये त्या गेल्या, त्याआधी 2019 च्या डिसेंबरात डॉ. लागू. छबिलदासची चळवळ केव्हाच पांगली. दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हा रंगकर्मींना रस्त्यावर उतरावं लागलं. ‘चांगुणा’ पुन्हा बघायची सोय नाही.

बाफ्टाच्या सहाय्यक अभिनेत्री पुरस्काराच्या विजेत्यांच्या यादीत 1983 साली एका भारतीय अभिनेत्रीचं नाव पहिल्यांदा लागलं. चाळीस वर्षं उलटून गेली, त्या यादीत दुसरं लागलेलं नाही.